लिंडन जॉन्सन आणि अयोग्य हातांचा शोध

भारतीय वाचकांच्या स्मरणात लिंडन जॉन्सन राहिले आहेत ते मुख्यतः दोन कारणांनी. १९६५ ते १९६७ या टंचाईच्या वर्षांत पी. एल. ४८० योजनेखालचा गहू हात आखडता घेऊन, थोड्या थोड्या मुदतीच्या हिशेबाने भारताला देणारे अध्यक्ष म्हणून. आणि व्हिएतनामच्या दलदलीत आपल्या देशाला गळ्यापर्यंत नेणारे अध्यक्ष म्हणून. त्यांच्या चरित्रातला तिसरा एक धागा आपल्याकडे फारसा कोणी हाती घेत नाही. अमेरिकेत एखाद्या शाळेत वा बाजारात गोळीबार होऊन निरपराध माणसे मरतात, मग शोकसंदेश येतात, कायद्याची मागणी होते, दोष बंदुकीचा की बंदूक धरणाऱ्याचा असा वाद रंगतो आणि काही आठवड्यांत सारे शांत होते. हा क्रम आता जगाला पाठ झाला आहे. त्याचे आजचे रूप बरेचसे घडले ते जॉन्सन यांच्या कारकिर्दीत, आणि त्यातही त्यांच्या स्वतःच्या टेक्सास राज्यात. म्हणून या प्रश्नाच्या अंगाने त्यांचे चरित्र पुन्हा वाचणे उद्बोधक ठरते.

जॉन्सन यांचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ रोजी टेक्सासमधील स्टोनवॉल या खेड्याजवळ, पेडर्नालिस नदीच्या काठी झाला. वडील राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य होते. पण शेतीत कर्ज अंगावर आले आणि घराण्याची पत गेली. खडकाळ जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि विजेचा पत्ता नाही, असा तो डोंगराळ मुलूख. तेथे घरात बंदूक असणे ही शौर्याची गोष्ट नव्हती, तशी गुन्ह्याचीही नव्हती. नांगर, बादली, दोरखंड यांच्याच रांगेत ती असे. पुढे मोठे झाल्यावर जॉन्सन आपल्या शेतवाडीवर येणाऱ्या पाहुण्यांना हरणाच्या शिकारीला आवर्जून नेत. १९६० च्या नोव्हेंबरात निवडणूक जिंकलेले जॉन केनेडी तेथे आले, तेव्हा त्यांनाही हे आतिथ्य स्वीकारावे लागले. तात्पर्य, बंदुकीवर निर्बंध मागणारा हा पुढारी बंदुकीचा तिटकारा असलेला शहरी मनुष्य नव्हता. ज्या संस्कृतीला निर्बंध नको होते, तिच्याच पोटी तो जन्मला होता.

सॅन मार्कोसच्या अध्यापक महाविद्यालयात शिकत असताना, पैशांची सोय करण्यासाठी, १९२८-२९ मध्ये त्यांनी दक्षिण टेक्सासमधील कोटुला या गावी मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळेत शिक्षकाचे काम केले. उपाशीपोटी शाळेत येणारी ती मुले ते जन्मभर विसरले नाहीत. १९३७ मध्ये ते प्रतिनिधिगृहात गेले. १९४८ मध्ये सिनेटसाठीची पक्षांतर्गत निवडणूक त्यांनी अवघ्या ८७ मतांनी, आणि तीही वादग्रस्त रीतीने, जिंकली. १९५५ मध्ये ते सिनेटमधील बहुमतवाल्या पक्षाचे नेते झाले. समोरच्याचे दंड धरून, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, कधी आर्जवाने तर कधी धमकावणीने त्याचे मत मिळविण्याची त्यांची हातोटी वॉशिंग्टनमध्ये दंतकथा बनली होती. सभेतले वक्तृत्व हे त्यांचे बलस्थान नव्हतेच; बंद दाराआडचे संभाषण हे होते. ही गोष्ट पुढच्या कथेत महत्त्वाची आहे.

डल्लासनंतर

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डल्लास येथे केनेडी यांची हत्या झाली, तेव्हा उपाध्यक्ष जॉन्सन त्याच ताफ्यात मागच्या एका मोटारीत होते. संरक्षक अधिकाऱ्याने त्यांना खाली दडपून स्वतःच्या अंगाने झाकले. त्यांचे जुने सहकारी आणि टेक्सासचे गव्हर्नर जॉन कॉनली हे केनेडींच्याच मोटारीत जबर जखमी झाले. ज्या रायफलीने ही हत्या झाली, ती शिकागोच्या एका दुकानातून टपालाने, खोट्या नावावर मागविण्यात आली होती. दुर्बिणीसह तिची किंमत वीस डॉलरांहून पाच सेंटांनी कमी होती. कनेक्टिकटचे सिनेटर टॉमस डॉड यांनी टपालाने पिस्तुले विकण्यावर निर्बंध घालणारे विधेयक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मांडले होते. हत्येनंतर त्यांनी त्यात रायफली आणि शॉटगन यांचाही समावेश केला. नॅशनल रायफल असोसिएशनच्या एका वरिष्ठ पदाधिकाऱ्यानेदेखील टपाली विक्रीवरील बंदीला त्या वेळी अनुकूलता दर्शविली. तरीही विधेयक सिनेटच्या समितीतच विरून गेले.

वस्तुतः शोकाच्या क्षणाचे राजकीय मोल जॉन्सन यांच्याइतके कोणी जाणले नसेल. केनेडींच्या स्मृतीचा आधार घेऊन त्यांनी १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा संमत करून घेतला. जे स्वतः केनेडींना जमले नव्हते, ते त्यांच्या मृत्यूने जॉन्सन यांना शक्य झाले. मात्र ज्या शस्त्राने तो मृत्यू घडविला, त्या शस्त्राच्या विक्रीवर निर्बंध घालण्यासाठी त्यांनी ते भांडवल वापरले नाही. १९६४ च्या निवडणुकीत त्यांना ६१ टक्क्यांहून अधिक मते पडली. नव्या काँग्रेसमध्ये त्यांच्या पक्षाचे सिनेटमध्ये ६८ आणि प्रतिनिधिगृहात २९५ सदस्य होते. मतदानाच्या हक्काचा कायदा आणि वृद्धांसाठी सरकारी आरोग्यविमा हे दोन्ही १९६५ मध्ये याच बळावर झाले. शस्त्रविक्रीचे विधेयक सरकारतर्फे मार्च १९६५ मध्ये मांडले गेले खरे. पण कोणाचे दंड धरले जावेत अशा यादीत त्याला वरचे स्थान नव्हते.

विरोधकांनी मात्र त्याला आपल्या यादीत पहिले स्थान दिले. रायफल असोसिएशनने आपल्या लाखो सभासदांना पत्र धाडले आणि काँग्रेसच्या सदस्यांकडे निषेधाच्या टपालाचा पूर आला. अर्थशास्त्रात या विषमतेचे स्पष्टीकरण ठाऊक आहे. एखाद्या कायद्याचा लाभ कोट्यवधींत विखुरलेला असेल आणि तोशीस थोड्यांवर एकवटलेली असेल, तर बहुसंख्य लोक पाहणीत होकार देऊन घरी बसतात आणि अल्पसंख्य लोक पत्र लिहितात, वर्गणी देतात, मतपेटीपाशी लक्षात ठेवतात. पिस्तुलासाठी पोलिसांचा परवाना असावा, असे मत १९५९ च्या गॅलप पाहणीत दर चार अमेरिकनांपैकी तिघांनी दिले होते. मताची रुंदी एका बाजूला होती आणि तीव्रता दुसऱ्या. लोकशाहीत पुष्कळदा दुसरीच जिंकते.

ऑस्टिनचा मनोरा

१ ऑगस्ट १९६६ रोजी, सोमवारी, ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्याच्या अठ्ठाविसाव्या मजल्यावरील सज्ज्यात २५ वर्षांचा एक विद्यार्थी बंदुका घेऊन चढला. त्या रात्रीच त्याने आपली आई आणि पत्नी यांना ठार केले होते. दुपारी १२ ला बारा मिनिटे असल्यापासून ९६ मिनिटे तो खालच्या आवारात आणि रस्त्यावर दिसेल त्याला टिपत राहिला. अखेर ऑस्टिनच्या पोलिसांनी वर जाऊन त्याला ठार केले. तीसहून अधिक लोक जखमी झाले. मृतांची संख्या, आई आणि पत्नी धरून, पुढे सतरा झाली. त्यांत आईच्या गर्भातले एक अर्भक आहे, तसाच त्या दिवशीच्या जखमेचे परिणाम ३५ वर्षे सोसून २००१ मध्ये मरण पावलेला एक मनुष्यही आहे.

जॉन्सन यांना हा आघात दूरचा नव्हता. ऑस्टिन ही त्यांच्या राज्याची राजधानी. त्यांची थोरली मुलगी लिंडा त्याच विद्यापीठातून त्याच वर्षी पदवीधर झाली होती. धाकटी मुलगी लूसी हिचा विवाह अवघ्या पाच दिवसांवर आला होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी निवेदन काढले. ही शोकांतिका कितीही अर्थशून्य असली तरी तिच्यापासून धडा घेतला पाहिजे, आणि अयोग्य व्यक्तींच्या हाती शस्त्रे पडू नयेत यासाठी प्रलंबित विधेयक तातडीने संमत झाले पाहिजे, असा त्याचा आशय होता.

या अयोग्य हातांच्या कल्पनेपाशी क्षणभर थांबले पाहिजे. ती सोयीची होती. शिकारी, शेतकरी, नेमबाज यांना तीमुळे आधीच अभय मिळत होते. टेक्सासच्या मतदाराला त्याच्या भिंतीवरच्या बंदुकीविषयी चिंता करण्याचे कारण उरत नव्हते. पण मनोऱ्यावर चढलेला तो तरुण कोण होता? तो अमेरिकन मरीन दलातला माजी सैनिक होता. लहानपणी त्याने बालवीर चळवळीतला सर्वोच्च सन्मान मिळविला होता. ज्यावरून शस्त्र नाकारता यावे असा फौजदारी शिक्षेचा डाग त्याच्यावर नव्हता. त्या दिवशी सकाळी त्याने आपल्याच गावच्या दुकानांतून एक कार्बाइन आणि एक शॉटगन विकत घेतली. उघडपणे, रोख व्यवहाराच्या जगात जशी कोणतीही वस्तू घ्यावी तशी. प्रलंबित विधेयकाचा रोख होता तो टपाली विक्रीवर, राज्याबाहेरील गिऱ्हाइकांवर आणि अल्पवयीनांवर. म्हणजे ज्या हत्याकांडाचा दाखला देऊन अध्यक्ष ते विधेयक मागत होते, ते हत्याकांड त्या विधेयकाने थांबले नसते. त्या सकाळपर्यंत, कायद्याच्या प्रत्येक कसोटीने, ते हात योग्य होते.

विरोधकांनी हे बरोबर हेरले. कोणता कायदा या माणसाला अडविणार होता, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता, कारण सरकारने मागितलेल्या कायद्यापुरता तो खराच होता. शिवाय त्या दिवशी ऑस्टिनच्या कित्येक नागरिकांनी घरून शिकारीच्या रायफली आणून मनोऱ्याच्या दिशेने गोळीबार केला आणि मारेकऱ्याला कठड्याआड दडून, पाणी जाण्याच्या भोकांतून नेम धरावा लागला. चांगल्या माणसाची बंदूक हाच वाईट माणसाच्या बंदुकीवरचा उतारा, या आजही ऐकू येणाऱ्या युक्तिवादाचे बीज त्या दुपारच्या आठवणींतही सापडते. आणि मग चर्चा बंदुकीवरून माणसाकडे वळली. मारेकऱ्याच्या मेंदूत गाठ सापडली. गव्हर्नर कॉनली यांनी तज्ज्ञांची समिती नेमली. तिला त्या गाठीचा आणि कृत्याचा निश्चित संबंध जोडता आला नाही. काही महिन्यांपूर्वी तो विद्यापीठाच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला होता आणि मनोऱ्यावरून हरणाच्या बंदुकीने माणसे मारण्याचा विचार त्याने तेथे बोलून दाखविला होता, हेही उघड झाले. देशाने त्या माणसाचे मन आणि मेंदू तपासला. त्याने सकाळी केलेली खरेदी तपासली नाही. काँग्रेसने त्या वर्षी विधेयक संमत केले नाही. नोव्हेंबरमधल्या निवडणुकीत जॉन्सन यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातल्या ४७ जागा गमावल्या आणि बंद दाराआडच्या संभाषणाची धारही बोथट झाली.

उशिरा आलेला शब्द

त्यानंतरची दोन वर्षे ही जॉन्सन यांच्या नैतिक अधिकाराच्या ऱ्हासाची वर्षे होती. व्हिएतनाममधील अमेरिकन सैन्य १९६८ मध्ये पाच लाखांच्या वर गेले. घरातल्या हिंसेविषयी बोलणारा अध्यक्ष परदेशातल्या हिंसेचा सेनापती होता, आणि ही विसंगती मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६७ मध्येच जाहीरपणे दाखवून दिली होती. १९६७ च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटच्या दंगलीत ४३ माणसे मेली. भयभीत शहरे अधिकच बंदुका खरेदी करू लागली. ३१ मार्च १९६८ रोजी जॉन्सन यांनी पुन्हा अध्यक्षपदासाठी उभे न राहण्याचे जाहीर केले. चारच दिवसांनी, ४ एप्रिलला, मेम्फिस येथे किंग यांची रायफलीने हत्या झाली. ५ जूनला लॉस एंजेलिस येथे रॉबर्ट केनेडी यांच्यावर पिस्तुलाने गोळ्या झाडण्यात आल्या आणि दुसऱ्या दिवशी ते वारले.

त्याच दिवशी, ६ जूनला, प्रतिनिधिगृहाने गुन्हेप्रतिबंधाचे एक मोठे विधेयक संमत केले. त्यात पिस्तुलांच्या टपाली आणि आंतरराज्य विक्रीवर निर्बंध होते. रायफली आणि शॉटगन मोकळ्या सुटल्या होत्या. मनोऱ्यावर कार्बाइन आणि शिकारीची रायफल होती, डल्लासमध्ये रायफल होती, मेम्फिसमध्येही रायफल होती. पण ज्या आठवड्यात पिस्तुलाने माणूस मारला, त्या आठवड्यात पिस्तुलाचा कायदा झाला. जॉन्सन यांनी तो अपुरा म्हटला आणि १९ जूनला त्यावर सही केली.

२४ जून १९६८ रोजी त्यांनी काँग्रेसकडे जे मागितले, ते मात्र यापूर्वी कधी मागितले नव्हते: देशातल्या प्रत्येक बंदुकीची नोंदणी आणि बंदूक बाळगणाऱ्या प्रत्येकाला परवाना. ही मागणी आधीच्या मागण्यांहून जातीने वेगळी होती. अयोग्य हात शोधण्याऐवजी योग्य हातांनीही आपली योग्यता सिद्ध करावी, मोटार चालविणाऱ्याने करावी तशी, असा तिचा अर्थ होता. परवान्याच्या चौकशीत ऑस्टिनचा तो तरुण अडला असता, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण आपल्या मनातली भीती तज्ज्ञापुढे बोलून दाखविलेल्या माणसाविषयी कोणी काही विचारण्याची शक्यता असलीच, तर ती याच मार्गाने होती. अंतराळवीर जॉन ग्लेन नियंत्रणाच्या बाजूने झालेल्या समितीचे नेतृत्व करू लागले. चित्रपटातले नामांकित नट अध्यक्षांच्या समर्थनार्थ पुढे आले. त्यांतले एक, चार्ल्टन हेस्टन, तीस वर्षांनी, १९९८ मध्ये रायफल असोसिएशनचेच अध्यक्ष व्हावेत, हा काळाचा विनोद म्हणावा लागेल.

पण जॉन्सन यांच्या हाती आता देण्यासारखे काही नव्हते आणि धाक घालण्यासारखेही काही नव्हते. सहा महिन्यांत पद सोडणाऱ्या माणसाची नाराजी कोणाला परवडत नाही? काँग्रेसने नोंदणी आणि परवाना या दोन्ही कल्पना फेटाळल्या. जे उरले, त्यावर २२ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांनी सही केली. रायफली आणि शॉटगनच्या आंतरराज्य टपाली विक्रीला बंदी, शिक्षा झालेल्या गुन्हेगारांना आणि न्यायनिवाड्याने मनोरुग्ण ठरलेल्यांना विक्रीला बंदी, विक्रेत्यांना परवाना, वयाची अट आणि स्वस्त परदेशी पिस्तुलांच्या आयातीला प्रतिबंध, अशी त्याची कलमे होती. शेवटचे कलम देशी कारखानदारांना मुळीच कडू नव्हते, कारण त्यामुळे त्यांचा स्वस्त स्पर्धक बाजारातून हटत होता. शिवाय तयार पिस्तूल आणता येत नसले तरी सुटे भाग आणून ते देशात जोडण्याची वाट खुली राहिली. सहीच्या प्रसंगीच जॉन्सन यांनी कायद्याच्या उणिवेचा दोष बंदूकवाल्यांच्या प्रबळ दबावगटाला दिला. स्वतः सही करीत असलेल्या कायद्याविषयी अध्यक्षाने असे असमाधान बोलून दाखवावे, हे विरळाच.

दोष दबावगटाचा होता यात शंका नाही. पण तो सर्वस्वी त्याचा नव्हता. जॉन्सन यांच्याजवळ जेव्हा सत्ता होती, तेव्हा त्यांनी थोडे मागितले; आणि जेव्हा पुरेसे मागितले, तेव्हा सत्ता संपली होती. १९६५ मध्ये प्रतिपक्षाला न दुखविणारी भाषा त्यांनी निवडली. सवलतीपासून आरंभ करणाऱ्या वक्त्याचा प्रतिपक्षी त्या सवलतीपासूनच पुढे मोजणी सुरू करतो. बंदूक निर्दोष, दोष अयोग्य माणसाचा, हे सरकारनेच एकदा मान्य केल्यावर उरलेला युक्तिवाद दबावगटाने विनासायास पुरा केला.

२० जानेवारी १९६९ रोजी जॉन्सन आपल्या शेतवाडीवर परतले आणि २२ जानेवारी १९७३ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, हृदयविकाराने तेथेच निधन पावले. व्हिएतनामविषयीच्या पॅरिस करारावर सह्या होण्यास तेव्हा पाच दिवस अवकाश होता. नोंदणीचे विधेयक मांडणारे मेरीलँडचे सिनेटर जोसेफ टायडिंग्ज १९७० मध्येच पराभूत झाले होते आणि त्या पराभवाचे श्रेय बंदूकवाल्यांनी घेतले होते. १९७७ मध्ये रायफल असोसिएशनची सूत्रे कडव्या गटाच्या हाती गेली. १९८६ मध्ये काँग्रेसने जॉन्सन यांच्या कायद्याचे काही दुवे सैल केले आणि बंदुकांची राष्ट्रीय नोंदणी करण्यास केंद्र सरकारला कायद्यानेच मनाई केली. त्यांनी नेमलेल्या हिंसाचारविषयक आयोगासाठी १९६९ मध्ये झालेल्या अभ्यासात देशातल्या बंदुकांची संख्या सुमारे ९ कोटी धरली होती. २०१८ मधल्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार नागरिकांकडच्या बंदुका ३९ कोटींवर गेल्या होत्या.

२४ मे २०२२ रोजी टेक्सासमधल्या युव्हाल्डी गावी प्राथमिक शाळेतली १९ मुले आणि दोन शिक्षिका एका १८ वर्षांच्या मुलाने मारल्या. त्यानेही रायफल दुकानातून कायदेशीरपणेच विकत घेतली होती. ती मुले बहुतांशी मेक्सिकन वंशाची होती, आणि ज्या कोटुलात जॉन्सन यांनी तशाच मुलांना शिकविले, ते गाव तेथून शे-सव्वाशे किलोमीटरवर आहे. महिनाभरात काँग्रेसने एक मर्यादित कायदा केला. जवळजवळ तीन दशकांतला तो या विषयावरचा सर्वांत मोठा कायदा मानला गेला. त्यातही भर होता तो खरेदीदाराची चौकशी अधिक कसोशीने करण्यावर, म्हणजे अयोग्य हात ओळखण्यावर.

ऑस्टिनमध्ये १ ऑगस्ट २०१६ रोजी, हत्याकांडाला ५० वर्षे पुरी झाली त्या दिवशी, मृतांची नावे कोरलेल्या शिळेचे अनावरण झाले आणि मनोऱ्यावरचे घड्याळ ११ वाजून ४८ मिनिटांवर एक दिवस थांबविण्यात आले. परवानाधारकांना विद्यापीठाच्या इमारतींत पिस्तूल जवळ बाळगण्याची मुभा देणारा टेक्सासचा नवा कायदाही नेमका त्याच दिवशी अमलात आला.